शेजारचा रिकामा प्लॉट, भिंतीची फट आणि एक रुपया

तरोट्याची_भाजी | 13 जून 2024

परभणीत आमच्या घराला लागून एक रिकामा प्लॉट आहे, तीस बाय चाळीसचा. मालक बाहेरगावी असतात. वीस वर्षांत दोनदा आले. एकदा मोजणीला, एकदा मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. प्लॉटवर एक लिंब (आमच्याकडं कडुनिंबाला नुसतं लिंबच म्हणतात), कोपऱ्यात रुईची दोन झुडपं, एक वेडी बाभूळ, आणि बाकी पाऊस पडेल तसं जे उगवेल ते. कॉलनीच्या हिशेबी ती कचरा टाकायची आणि साप निघायची जागा.

मी तिकडं बघायला लागले ते भिंतीमुळं. आमच्या कंपाउंडला त्या बाजूनं एक उभी फट आहे. दोनदा सिमेंटनं बुजवली, दोनदा उकलली. तिसऱ्यांदा गवंड्याला फोन लावत होते तर आमचे मामा (सासरे, सगळा जन्म शेतात गेला) म्हणाले, "जिमीनच हलायलीय, भिंत काय करंल बिचारी? राहू दे." राहू दिली. मग गेल्या दिवाळीत सहज त्या फटीत रुपयाचं नाणं घालून बघितलं. शिरलं नाही. संक्रांतीला नाण्याची कड गेली. होळीला अर्धं गेलं. अक्षय तृतीयेला अख्खं नाणं आत खुळखुळत होतं. दर वेळी फटीशेजारी पेन्सिलनं तारीख घातली. आता तिथं दुधाच्या हिशेबासारखी रांग झालीय.

फटीपलीकडच्या जमिनीचंही तेच. मेमध्ये प्लॉटवर अशा भेगा होत्या की चपलेचा पुढचा भाग अडकावा. एका भेगेत तुराटी सोडून बघितली, हातभर गेली तरी तळ लागेना. हात घालायची हिंमत नाही, विंचू निघतात.

सोमवारी संध्याकाळी पहिला दणकून पाऊस झाला. मी छत्री घेऊन भिंतीशी उभी. पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी जमिनीवर थांबतच नव्हतं, भेगांच्या कडांवरून आत ओतलं जात होतं, न्हाणीतल्या मोरीसारखा आवाज करत. रात्री ट्यूबलाइटवर पंखवाल्या वाळव्यांचा खच. सकाळी दार उघडलं तर प्लॉटभर मिरगाचे किडे! लाल मखमल कातरून टाकल्यासारखे. मोजायला सुरुवात केली, साठनंतर सोडून दिलं. दुपारी ऊन वर आलं आणि एकही नाही.

अशी एकच छोटी जागा वर्षभर बघणारं इथं कुणी आहे का? लिहा. मीही जमेल तशी भर घालत जाईन.

औंध_ते_औंढा | 13 जून 2024

वाखुसा (वाचनखूण साठवली). औंढ्याला लहानपणी हे किडे काडेपेटीत भरून शाळेत न्यायचो. बोट लावलं की पाय आखडून मेल्याचं सोंग घ्यायचे. आता औंधात (पुण्याच्या) चौथ्या मजल्यावर मिरग फक्त कॅलेंडरात येतो. फोटो टाका ना.

सहापायी | 14 जून 2024

हा किडा माझ्या आयडीत बसत नाही. त्याला आठ पाय असतात, मोजून बघा. तो कीटक नव्हे, कोळ्यांच्या गोतावळ्यातला माइट आहे. वर्षाचा बहुतेक काळ जमिनीत असतो आणि पहिला भरपूर पाऊस झाला की वर येतो. त्याच रात्री तुमच्याकडं वाळव्या उडाल्या, हा योगायोग नाही. पंख गळालेल्या वाळव्या हे त्याचं जेवण. वर्षभराची भूक काही तासांत भागवायची, जोडीदार शोधायचा आणि ऊन तापायच्या आत परत खाली. याची पिल्लं मात्र नाकतोड्यांसारख्या किड्यांच्या अंगाला चिकटून त्यांचा रस पितात. तेव्हा त्यांना सहाच पाय असतात, तेवढ्यापुरती माझ्या आयडीत बसतात.

रात्री लिंबावर बॅटरी मारून बघा. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे लिंबाचा आणि बाभळीचा पाला खायला येतात.

फूटपट्टी | 14 जून 2024

बांधकामातला माणूस आहे, म्हणून फटीपुरतं बोलतो. काळ्या मातीत जी चिकणमाती असते तिच्या थरांच्या मधे पाणी शिरतं आणि माती फुगते, वाळली की आकसते. भेगा मीटरभरापेक्षाही खोल जातात, तेव्हा तुमच्या तुराटीला तळ लागणार नव्हताच. आपल्याकडं म्हणून पाया घेताना काळी माती काढून मुरूम भरतात, कठीण थरापर्यंत जाऊन कॉलम उभे करतात. कंपाउंडच्या भिंतीसाठी एवढा खर्च कोण करतो? ती बिचारी वरवरच्या मातीवर उभी असते आणि मातीबरोबर वरखाली होते.

लिंब भिंतीपासून किती अंतरावर आहे? मुळं उन्हाळ्यात पाणी ओढतात, त्या बाजूची माती जास्त आकसते. फट नेमकी त्याच बाजूला असेल तर नवल नाही. झाड तोडा असं म्हणत नाहीये, कृपया अंगावर येऊ नये.

बालाघाटी | 15 जून 2024

ताई, आमच्या इकडं (बीड) मिरगाचा किडा दिसला की पेरायचं मनून बसायचे आधी. पन आता लोकं शहाणे झालेत. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याबिगर चाड्यावर मूठ धरायची नाही, नाहीतर दुबार पेरणी ठरलेली. तुमचा किडा पंधरा मिनिटाच्या पावसालाबी येतो, त्याला काय बियाणाचं बिल भरायचंय?

प्लॉटमदी गोगलगायी हायत का बघा. 2022 ला आमच्याकडं, लातूरला, धाराशिवला सोयाबीनचे कवळे कोंब गोगलगायीनं रात्रीतून साफ केले होते. दिवसा कुठं दिसायच्या न्हाईत. बांधावरचा दगड उलटला की खाली ढीग.

तरोट्याची_भाजी | 21 जुलै 2024

सगळ्यांचे आभार. लिंब भिंतीपासून सात-आठ फुटांवर आहे आणि फट बरोबर त्याच्यासमोर. फूटपट्टी, तुम्ही जिंकलात. गोगलगायी तीनच सापडल्या. वाणी मात्र भरपूर, हात लावला की पैशासारखे गोल होणारे.

सध्या प्लॉटवर राज्य तरोट्याचं (काहीजण टाकळा म्हणतात). कोवळा होता तेव्हा तीनदा भाजी केली. लसूण, हिरवी मिरची, वरून शेंगदाण्याचा कूट. थोडी उग्र लागते, पण भाकरीबरोबर जाते. शेजारच्या वहिनींना वाटी दिली तर म्हणाल्या, "कचऱ्यातली?" मी म्हटलं, "हो, कचऱ्यातलीच, पण धुतलेली."

एक गंमत इतक्या वर्षांत कधी बघितली नव्हती. तरोट्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या असतात. दिवेलागणीला प्रत्येक जोडी समोरासमोर मिटते, हात जोडल्यासारखी. काल खुर्ची घेऊन बसले. पावणेसातला पानं पसरलेली होती. साडेसातपर्यंत अख्खा प्लॉट बारीक झाला! दिवसा जिथून जमीन दिसत नव्हती तिथं आता जमीन दिसत होती, आणि तिच्यावरून एक बेडूक चालला होता, उड्या न मारता, चालत.

त्याच तरोट्यावर फिकट हिरवट-पांढरं फुलपाखरू एकेका पानावर टेकून पुढं जात होतं. गेल्यावर बघितलं तर पानावर एकच अंडं, तांदळाच्या कणीएवढं, उभं. आठवड्यानं तिथं हिरवी अळी होती. पानाच्या मधल्या शिरेवर अशी लांबट पडलेली की दोनदा नजरेतून सुटली. तिसऱ्या दिवशी नव्हती. लिंबावर कोतवाल पक्षी बसतो, त्याच्यावर माझा संशय आहे.

काँग्रेस गवतही आहे, पण यंदा चाळणी झालेलं. पिवळट पाठीवर काळपट वेड्यावाकड्या रेघा असलेले छोटे भुंगे त्याचा फडशा पाडताहेत.

सहापायी | 22 जुलै 2024

ते मेक्सिकन भुंगे. काँग्रेस गवत मूळ तिकडचं, म्हणून त्याला खाणारा किडाही तिकडूनच आणला. 1984 साली बेंगळुरूजवळ पहिल्यांदा सोडले, नंतर देशभर पसरले. तुमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानंही शेतकऱ्यांना ते वाटलेले आहेत. तुमचे भुंगे तिथलेच वंशज असतील तर घरचीच मंडळी म्हणायची. थंडी सुरू झाली की हे जमिनीत शिरून झोपतात, पुढच्या पावसाला उठतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, दिवाळीनंतर उपयोगी पडेल.

सरळसोट | 22 जुलै 2024

कवित्व छान आहे. पण डासांचं काय? सापांचं काय? आमच्या कॉलनीत असाच प्लॉट आहे. मागच्या वर्षी घोणस निघाली, शेजारचा मुलगा थोडक्यात वाचला. तुम्हाला खिडकीतून बघायला ठीक आहे.

तरोट्याची_भाजी | 22 जुलै 2024

तुमचं बरोबर आहे, खोटं कशाला बोलू. मीही संध्याकाळनंतर आत पाऊल टाकत नाही, आणि भिंतीच्या कडेचं तीन फूट गवत आम्ही कापतो. बाकीचं राहू देतो.

तरोट्याची_भाजी | 4 सप्टेंबर 2024

पोळ्याच्या आदल्या दिवशी जो पाऊस धरला तो पोळ्यालाही सुटला नाही. बैलं मिरवायची कशी, गावाकडून मामांना फोनवर फोन. प्लॉटचं तळं झालंय. फुगलेली काळी माती पाणी खाली सोडतच नाही. जूनमध्ये हजार तोंडांनी पाणी प्यायलेली हीच जमीन आता घोटभर घ्यायला तयार नाही. तरोटा कमरेपर्यंत पाण्यात. चतुर पाण्यावर शेपूट टेकवत फिरताहेत. बेडकांच्या आवाजानं टीव्ही मोठा करावा लागतो.

नाणं: कड लागत नाही. नखसुद्धा शिरत नाही.

तरोट्याची_भाजी | 9 ऑक्टोबर 2024

काल जेसीबी आला. डासांवरून कुणीतरी मालकांना फोन केला म्हणे. पाऊण तासात सगळं सपाट. तरोट्याच्या शेंगा अजून हिरव्या होत्या, कुर्डूला नुकते गुलाबी-पांढरे तुरे आलेले. लिंब तेवढा ठेवला, रुई एका झुडपावर आली. जाताना कोपऱ्यात मुरमाचा ढीग टाकून गेले. कशासाठी, देव जाणे.

यापुढं लिहायला काही उरलं नाही बहुतेक.

औंध_ते_औंढा | 9 ऑक्टोबर 2024

अरेरे. धागा बंद करू नका मात्र.

बालाघाटी | 10 ऑक्टोबर 2024

ताई, आमी तर दरसाल सगळं रान उलथं करतो की. त्याच्यातबी तन मरत न्हाई, मानूस मरतो खुरपून खुरपून. थांबा जरा.

तरोट्याची_भाजी | 17 नोव्हेंबर 2024

बालाघाटी दादा, तुमचं ऐकून थांबले. आधी कोण आलं सांगू? काँग्रेस गवत. तीन आठवड्यांत उघड्या मातीवर त्याच्या चक्त्या पसरल्या, आता पांढरी फुलं. तरोट्याचं एकही रोप नाही. आणि सहापायी म्हणाले तसे भुंगे जमिनीत झोपलेत, त्यामुळं त्याला खायलाही कुणी नाही. डासांसाठी तरोटा काढला आणि अंगाला खाज आणणारं गवत पेरलं! ज्यांनी फोन केला त्यांना सांगितलं मी हे. ते म्हणाले, "पुन्हा जेसीबी बोलवू."

सकाळी दव पडतं तेव्हा गवतावर कोळ्यांची जाळी दिसतात, रुमालाएवढी. एरवी असतात तिथंच, दिसत नाहीत. धोबी पक्षी आलाय, मुरमाच्या ढिगाभोवती शेपटी हलवत फिरतो.

मांजराकाठ | 31 डिसेंबर 2024

लातूरकर आहे, इतके दिवस नुसता वाचत होतो. काल आमची वेळ अमावस्या (शेतात जाऊन जेवायचा सण). नोकरीमुळं मी शेतात वर्षातून या एकाच दिवशी जातो, पण दरवर्षी त्याच बांधावर, त्याच बोरीखाली, कडब्याच्या कोपीशेजारी जेवायला बसतो. भज्जी, आंबील, उंडे. म्हणजे मीही एकच जागा बघतो, फक्त वर्षाकाठी एकदा.

काल ध्यानात आलं की आमच्या चौफेर हिरवा हरभरा होता आणि ज्वारीचा एकच पट्टा. लहानपणी याच बोरीखालून ज्वारीशिवाय काही दिसायचं नाही. भोरड्यांचे थवे उतरले की चुलते गोफण घेऊन माळ्यावर चढायचे. काल एक थवा आला, त्या एका पट्ट्यावर फिरला आणि निघून गेला. गोफण मारायला कुणी नव्हतं. बोरं मात्र तशीच आंबट.

तरोट्याची_भाजी | 1 जानेवारी 2025

मांजराकाठ, फार छान लिहिलंत. वर्षातून एकदा बघण्यात एक फायदा आहे, रोज बघणाऱ्याला ज्वारी कधी गेली ते कळत नाही. इकडं मध्यंतरी अशी थंडी पडली की विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा 5 अंशांच्या आत गेला. मामा शेकोटीजवळून उठत नव्हते. प्लॉटवर विशेष काही नाही. नाण्याची कड शिरायला लागली.

तरोट्याची_भाजी | 27 एप्रिल 2025

बरेच दिवसांनी. लिहिण्यासारखं एवढं साठलंय, आणि तेही उन्हाळ्यात! मला वाटायचं उन्हाळा म्हणजे प्लॉटची सुट्टी. गेल्या वर्षीही मे महिन्याबद्दल मी फक्त भेगाच लिहिल्या होत्या. बघितलंच नव्हतं मी.

फेब्रुवारीच्या शेवटी लिंबानं पानं टाकली. पाडव्याला मोहोर, रात्री घरभर वास. भेगा आधी केसाएवढ्या, मग काडीएवढ्या, आता पुन्हा चपलेएवढ्या. सरळ रेषेत फाटत नाहीत त्या. कासवाच्या पाठीसारखे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याच्या कडा भुसभुशीत होऊन आत गळतात. वारा सुटला की लिंबाची पानं, काँग्रेसचं बी, पाखरांच्या पिसांचे तुकडे, सगळं त्या भेगांत. पावसाळ्यात भेग मिटली की ते सगळं आत. ही जमीन दरवर्षी स्वतःच स्वतःला खालीवर करते, बैल न जुंपता. एका भेगेत सरडा राहतो. डोक्यापासून खांद्यापर्यंत लालभडक झालाय, ढेकळावर चढून जोर काढतो आणि माझी सावली पडली की भेगेत.

भिंतीच्या पायथ्याशी, जिथं मऊ धूळ आहे, तिथं नरसाळ्याच्या आकाराचे छोटे खळगे आहेत. मुंगी कडेला आली की घसरते, तळातून धूळ उडते, मुंगी खाली. आमच्याकडं त्या किड्याला काय म्हणतात कुणी सांगेल का?

आणि मुख्य बातमी. मार्चच्या शेवटी टिटवीनं अंडी घातली. कुठं? त्या मुरमाच्या ढिगावर! चार अंडी, मातकट, काळे ठिपके, टोकं आतल्या बाजूला. घरटं म्हणजे चार खडे बाजूला सारलेले. 41-42 अंशांचं ऊन, वर सावली नाही. कुलरचं पाणी ठिबकतं तिथं टिटवी यायची, उभ्या उभ्या पोट पाण्यात बुडवायची, ओली परत जाऊन अंड्यांवर बसायची. दुपारी हे दहा-बारा वेळा. मी मग भिंतीवर पाण्याची परात ठेवली, तिकडं ढुंकूनही बघितलं नाही. कुलरचंच पाणी हवं.

तरोटा असता तर टिटवी आली नसती, हे मला मान्य करावं लागतंय. तिला उघडी जमीन लागते. जेसीबीवाल्याला मी काय काय बोलले होते!

काल पिल्लं निघाली. तीन. एक अंडं मुंगसानं नेलं असावं. पिल्लं दिवसभरात ढिगावरून उतरून चालायला लागली, आणि आईनं आवाज दिला की जिथं असतील तिथं खडा होऊन बसतात.

मामा म्हणतात टिटवीनं उंचावर अंडी घातली, यंदा पाऊस जोरात.

मांजराकाठ | 27 एप्रिल 2025

खळग्यातल्या किड्याला आम्ही नाव कधी ठेवलं नाही, नुसतं काडीनं उकरायचो. हातावर घेतला की उलटा चालायचा.

सहापायी | 28 एप्रिल 2025

तो एका चतुरासारख्या दिसणाऱ्या नाजूक किड्याची अळी. उलटं चालण्याचं निरीक्षण अगदी बरोबर. टिटवीच्या हवामान खात्याबद्दल मात्र माझं मत राखून ठेवतो. परभणीत दुसरी टिटवी कुठल्यातरी खड्ड्यात अंडी घालून बसलीच असेल, तिचा अंदाज कोण विचारतो?

तरोट्याची_भाजी | 28 मे 2025

सहापायी, मामांनी तुमचा प्रतिसाद मला दोनदा वाचायला लावला आणि आता ते तुमच्या उत्तराची वाट बघताहेत. मेच्या मध्यापासून इथं पाऊस सुरू आहे. वळीव म्हणावा तर संपेना. परवा बातम्यांत तर मान्सून मुंबईत पोचला म्हणून सांगितलं. 26 मेला!

प्लॉटवर आधीच सगळं झालंय. मिरगाचे किडे 22 तारखेला आले. मिरग सोडा, रोहिणीसुद्धा लागली नव्हती. वाळव्या आदल्या रात्री. भुंगे उठून काँग्रेसला लागलेत. आणि तरोटा! शेंगा पिकायच्या आत सगळा उपटला होता ना? बोटाएवढी रोपं दाट उगवलीत, जिथं भेगा होत्या बरोबर त्या रेघांवर. वरून बघितलं की उन्हाळ्यातल्या भेगांचा नकाशा हिरव्यात काढल्यासारखा दिसतो.

सहापायी | 28 मे 2025

मामांना नमस्कार सांगा, या वर्षापुरती हार मान्य. तरोट्याचं बी कठीण कवचाचं असतं, मातीत वर्षानुवर्षं पडून राहू शकतं. आधीच्या उन्हाळ्यांत भेगांत गळलेलं असणार.

बालाघाटी | 29 मे 2025

इकडंबी तेच. उन्हाळी कांदा झाकायला ताडपत्री मिळंना. काढून ठिवलेला निम्मा सडला. नांगरट करून रान तापायला सोडलं होतं, ते तापलंच न्हाई. तुमच्या किड्याचं बरंय ताई, त्याला वरी यायला पंचांग लागत न्हाई.

तरोट्याची_भाजी | 10 जून 2025

खरंय दादा, कांद्याचं वाचून वाईट वाटलं. आता मिरग लागून दोन दिवस झाले, आभाळ मोकळं आणि ऊन कडक. मामा रोज अंगणातून ढिगाकडं बघतात आणि काही बोलत नाहीत.

फूटपट्टी | 10 जून 2025

फटीचं काय झालं? यंदा आकडा दिलाच नाहीत.

तरोट्याची_भाजी | 10 जून 2025

अहो, घोटाळा झालाय. अक्षय तृतीयेला नाणं आत घातलं, तेवढ्यात फोन आला आणि ते तसंच राहिलं. नंतर पाऊस. आता नुसती कड दिसते, चिमट्यानं ओढलं तरी हलत नाही. शेजारी तारीख घातलीय.

औंध_ते_औंढा | 10 जून 2025

म्हणजे रुपया गेला?

तरोट्याची_भाजी | 10 जून 2025

मामा म्हणतात संक्रांतीला सुटेल. मी होळी धरलीय.